लाइट घालवून दाखवणाऱ्या बिरादार मॅडम

नवा जनरेटर बसवून झाला, की तो गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी बिरादार मॅडम त्याच्या इमारतीची लाइट घालवायच्या. स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढायच्या. आधी सगळ्यांना सावध करायच्या, लिफ्टमध्ये कुणी नाही ना हे बघायला माणूस पाठवायच्या. पण घालवायच्या म्हणजे घालवायच्याच. मालक कुरकुर करायचा. मशीन नुसतं चालू करून दाखवा, आवाज ऐकला की झालं, असं त्याचं म्हणणं असायचं. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं.

"आवाज ऐकायला घेतलंय का तुम्ही हे? लाइट गेल्यावर काय होतं ते बघायला घेतलंय ना? मग घालवूनच बघू."

मी आमच्या कंपनीच्या लातूर ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायचो, मेकॅनिकना गाड्या लावून द्यायचो आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायचो. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतले जनरेटर सांभाळायचं काम मॅडमकडे होतं. पूर्ण नाव चंद्रकला बिरादार. माहेर देगलूरचं. पण चंद्रकला म्हणून त्यांना हाक मारणारं कुणी मी पाहिलं नाही. त्यांचे यजमान चाकूरच्या शाळेत शिक्षक होते, तेसुद्धा फोनवर "मॅडम आहेत का?" असंच विचारायचे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे सगळी मशीनं डिझेलची होती. पुढे लातूर आणि नांदेड शहरांत गॅसची पाइपलाइन आली आणि कंपनीनं गॅसवर चालणारे जनरेटर आणायचं ठरवलं. धूर नाही, आवाज कमी, टाकी भरायची कटकट नाही. नळाला पाणी यावं तसा गॅस थेट इंजिनात येणार. लाइट गेल्यावर चालवायलाही ते उपयोगाचे आणि एखाद्या गिरणीला रोजची वीज स्वतःचीच करायची असेल तर त्यालाही. डिझेलवर हात बसलेले आमचे जुने मेकॅनिक या प्रकाराला बिचकले. मॅडम बिचकल्या नाहीत. कंपनीनं पुण्याला शिकायला पाठवलं, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. परत आल्या त्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी वही भरून आणि म्हणाल्या, "पांचाळ, लई मजा हाय बघा यात."

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली नाडीचे जाडजूड सेफ्टी बूट. त्या वेषात त्या धान्याच्या मोंढ्यातून चालल्या की हमालसुद्धा पोतं पाठीवर घेऊन वळून बघायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. वडलांची देगलूरला पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनावर चालणारी. त्या इंजिनाशेजारीच त्यांचा अभ्यास झाला, तिथंच डावा कान अधू झाला आणि तिथंच इंजिनाला हात लावून त्याची तब्येत ओळखायची सवय लागली. नवं मशीन चालू झालं की त्या त्याच्या अंगावर तळवा ठेवायच्या, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. मीटर, पडदे, आकडे हे सगळं त्या बघायच्याच. पण आधी तळवा.

आपल्याकडे एक शब्द आहे, "चालतंय". रस्ता चालतंय, पोरगं शाळेत चालतंय, तब्येत चालतंय. आमच्या मेकॅनिकांचाही तो लाडका शब्द. मॅडमना त्याचा राग. फोनवर कुणी "चालतंय मॅडम" म्हटलं, की त्या विचारायच्या, "चालतंय, का नीट चालतंय?" आणि नीट म्हणजे काय ते त्याच्याकडून वदवून घ्यायच्या. पुढेपुढे पोरं घाबरून खरं सांगायला लागली.

देगलूरच्या असल्यामुळे तेलुगू त्यांना येत होती, उदगीरला गेल्या की कानडी बोलायच्या आणि नांदेडच्या जुन्या वर्कशॉपांच्या गल्लीत त्यांची दखनी उर्दू ऐकून तिथले मिस्त्री त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचे. रागवायच्या मात्र मराठीतच. परक्या भाषेत रागावलं की समोरचा हसतो, असं त्यांचं मत होतं.

उपाशी माणसाला त्या मशीनला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांचे यजमान बिरादार गुरुजी शनिवारी लातूरला यायचे आणि आठवड्याची शेंगदाण्याची चटणी स्वतः कुटून ठेवायचे. ते घरी असले की स्वयंपाक त्यांच्याच हातचा असायचा आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ती चटणी आणि ज्वारीच्या भाकरी भल्या मोठ्या डब्यात घेऊन मॅडम कामावर यायच्या. आधी सगळ्यांनी जेवायचं, मग पाने हातात घ्यायचे.

विनय वगैरे त्यांच्यात नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. लातूरहून नांदेडला जाताना जीपमध्ये त्या पुढच्या सीटवर बसायच्या आणि वाटेतली एकेक इमारत दाखवत जायच्या. "हे माझं." जरा पुढे गेलं की, "हेबी माझं." एखादा बागायतदार बांधावर उभा राहून आपली रानं दाखवतो, तशा. नव्या ड्रायव्हरला वाटायचं, बाईंची इस्टेट फार मोठी आहे. शाल-नारळ घ्यायलाही त्यांना मनापासून आवडायचं. मिळालेल्या शाली त्या घडी घालून कपाटात ठेवायच्या आणि आल्या-गेल्याला दाखवायच्या.

पण ज्या माणसाला स्वतःचा इतका अभिमान असतो, त्याची चूक चारचौघांत उघडी पडली की खरी परीक्षा होते. ती वेळ नांदेडला आली. एका व्यापाऱ्यानं कापडाचं मोठं दुकान काढलं होतं, चांगली तीन मजली इमारत. त्याच्या उद्‌घाटनालाच आमचा गॅसचा जनरेटर चालू करून दाखवायचा, असं ठरलं होतं. मंडप, बँड, पाहुणे, सगळा लवाजमा. मॅडमनी आपल्या रिवाजाप्रमाणं जाहीर केलं, की आता मी लाइट घालवते, घाबरू नका. स्विच ओढला. अंधारलं. मशीन चालू झालं, दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत मशीन घुटमळलं आणि बंद पडलं.

डिझेलचं इंजिन गाढवासारखं असतं, पाठीवर एकदम ओझं टाकलं तरी ओढतं. गॅसच्या इंजिनाला ओझं टप्प्याटप्प्यानं द्यावं लागतं, नाहीतर त्याचा श्वास अडकतो. त्या इमारतीतली लिफ्ट, सगळे मजले, सगळी एसी एका क्षणात अंगावर आली होती. त्यात व्यापाऱ्यानं आम्हाला न सांगता वरच्या मजल्यावर आणखी एसी बसवून घेतलेली. आमच्या साहेबांना हे कळलं तसे ते पुढे झाले आणि मालकाला तेच ऐकवायला लागले. चार माणसांसमोर मालकाचं तोंड उतरलं. मॅडमनी साहेबांना बाजूला केलं, मांडवाकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चूक माझी हाय. सकाळी वर जाऊन बघायला पाहिजे होतं, मी बघितलं न्हाई. थोडा वेळ द्या."

मग त्यांनी पदर आणखी घट्ट खोचला आणि इमारतीतल्या विजेच्या वाटण्या केल्या: आधी दिवे, मग लिफ्ट, मग एकेका मजल्याची एसी, दर दोन टप्प्यांत दम खायला जागा. तोवर पाहुण्यांचा चहा झाला. परत येऊन त्यांनी पुन्हा जाहीर केलं आणि पुन्हा लाइट घालवली. या खेपेला टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, सगळे श्वास धरून बसले होते. दिवे लागले, लिफ्टची घंटी वाजली, थंड वारा सुटला आणि मशीन एका लयीत चालत राहिलं. तो व्यापारी पुढे जिथंतिथं आमचं नाव सांगत फिरला. माल चांगला आहे असं तो सांगायचाच, पण त्याच्या आधी सांगायचा की बाई इमानदार आहे.

त्या दिवसानंतर मॅडमनी एक गोष्ट कायमची सुरू केली. मशीन सोपवायच्या आदल्या दिवशी सगळी इमारत पायी फिरायची आणि झाडणाऱ्या बाईपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना विचारायचं, तुझ्याकडे लाइटीवर काय काय चालतं?

लातूरला क्लासेस किती आहेत ते सांगायला नको. बाहेरगावची पोरं-पोरी हजारांनी येतात, त्यांची हॉस्टेलं, अभ्यासिका, आणि लाइट गेली की चिडचिड. अशाच एका क्लासच्या सरांना मुलींच्या हॉस्टेलसाठी गॅसचा जनरेटर हवा होता. ऑर्डर चांगली होती, साहेब खुश होते. मॅडम जागा बघायला गेल्या, बरोबर मीही होतो. सरांनी जागा दाखवली ती तळघरातली. बाहेरची जागा त्यांना गाड्या लावायला हवी होती. तळघराच्या वर मुलींची अभ्यासिका.

मॅडम म्हणाल्या, इथं बसणार नाही. सर म्हणाले, गॅस तर स्वच्छ असतो, तुमच्याच कागदावर छापलंय, धूर नाही म्हणून. मॅडमनी समजावून सांगितलं, की धूर दिसत नाही म्हणजे विष नाही असं नाही. बंद जागेत मशीन बिघडलं तर त्याच्या धुरानं माणूस बसल्या जागी झोपेतच जातो. सर हसले. इतका पुढचा विचार करून धंदा होतो का, म्हणाले. आणि हेही म्हणाले, की तुम्ही नाही बसवलं तर दुसरा बसवेल.

मॅडमनी वाद वाढवला नाही. सरांची मोठी डिझेल गाडी उतारावर, तळघराच्या तोंडाशीच उभी होती. त्या म्हणाल्या, गाडी आत घ्या, इंजिन चालू ठेवा, शटर ओढा, आपण तिघंही इथंच बसून कागद करू. सरांना ती गंमत वाटली. ड्रायव्हरनं गाडी आत घेऊन चालू ठेवली आणि शटर अर्ध्यावर आणलं. मॅडम एका पेटीवर बसल्या, पिशवीतून कागद काढले आणि सावकाश एकेक ओळ वाचायला लागल्या. पहिला कागद उलटायच्या आत सरांना खोकला आला. मग मला आला. सर रुमाल तोंडाला लावून शटरकडे बघायला लागले. मॅडम उठल्या, ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली आणि आम्हाला बाहेर घेऊन आल्या.

"ह्याला वास तरी हाय सर, म्हणून आपण उठलो," त्या म्हणाल्या. "त्या विषाला वासबी नसतो. वर पोरी पुस्तकावर डोकं टेकून झोपतील आणि आपल्याला वाटंल, अभ्यास करून दमल्या."

सर मागच्या अंगणाकडे जागा दाखवायला निघाले. त्यांचीही मुलगी बारावीला होती, ती त्याच अभ्यासिकेत बसायची, हे आम्हाला नंतर कळलं. मशीन मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब, उघड्यावर बसलं. सरांच्या दोन गाड्या आता रस्त्यावर उभ्या असतात.

या सगळ्यांत मॅडमचं सर्वांत लाडकं काम होतं मन्मथअप्पांच्या डाळ मिलमधलं. अप्पा लातूरचे जुने मिलवाले. डोक्याला टोपी, कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. डाळ करायच्या आधी तुरीला तेल-पाणी लावून मुरवतात आणि मग वाळवतात. पावसाळ्यात ऊन नसलं की ओल्या तुरीचे ढीग पडून राहतात आणि मिलवाल्याचा जीव टांगणीला लागतो. मॅडमनी अप्पांची रोजची वीज गॅसच्या जनरेटरवर आणली, आणि इंजिनाची जी धग फुकट आभाळात जाते तिच्यावर हवा गरम करून तूर वाळवायची सोय केली. एकाच गॅसमध्ये गिरणीही फिरली आणि तूरही वाळली. पहिला ढीग वाळून निघाला तेव्हा अप्पांनी मूठभर तूर हातात घेतली, एक दाणा दाताखाली फोडला आणि नुसती मान हलवली. मॅडम ती मान हलवून हलवून आम्हाला दाखवायच्या. अप्पांचं बघून आणखी काही मिलवाल्यांनी तेच केलं.

शहरातल्या एका दवाखान्यातही गॅसचं मशीन मॅडमनीच बसवलं होतं. ट्रस्टचा मोठा दवाखाना, नवजात बाळांचा विभाग सगळ्या भागात नावाजलेला. तिथं आधीपासून एक जुना, लहानसा डिझेल जनरेटर होता. गॅसचा आल्यावर तो विकून टाकावा, असं ट्रस्टींच्या मनात होतं. आमच्या साहेबांनाही तो बदल्यात हवाच होता. मॅडम आडव्या आल्या. ट्रस्टींना त्यांनी एवढंच सांगितलं, की नळाला रोज पाणी येतं म्हणून घरातला माठ कुणी फोडत नाही. साहेब ऑफिसात आल्यावर भडकले. आपलाच सौदा आपण मोडायचा का, असं त्यांनी विचारलं. मॅडम ऐकून घेत डबा उघडत होत्या. जुनं मशीन दवाखान्यातच राहिलं.

मग ते परतीच्या पावसाचे दिवस आले. आपल्याकडे पाऊस नसतो तेव्हा नसतो, आणि येतो तेव्हा हिशेब ठेवत नाही. सलग बरसत होता. एका सकाळी बाहेरून येणाऱ्या मोठ्या लाइनीचे खांबच आडवे झाले आणि सगळ्या शहराची लाइट गेली. दवाखान्यातला जनरेटर आपोआप चालू झाला. मिलमधले चालूच होते. मॅडमनी मला फोन करून सगळीकडची खबर घ्यायला लावली, आणि सगळीकडून नीट चालतंय असं ऐकून चहा मागवला.

चहा यायच्या आत गॅस कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. आपल्या पाइपलाइनमधला गॅस टँकरनं बाहेरून येतो आणि शहराबाहेरच्या ठाण्यावर उतरवला जातो. नदीचं पाणी पुलावर चढलं होतं आणि टँकर पलीकडे अडकले होते. यात कुणाचा दोष नव्हता. ठाण्यावर होता तेवढा गॅस संपत चालला होता, नळीतला दाब उतरायला लागला होता, आणि असंच वापरत राहिलं तर दुपारनंतर इंजिनं एकेक करून बंद पडणार होती. डिझेलचाही रस्ता तोच, म्हणजे तेही टाकीत असेल तेवढंच.

मॅडम उठल्या. आमच्याकडे तेव्हा अश्विनी नावाची मेकॅनिक होती. चाकूरकडची, आयटीआय केलेली, आमच्या वर्कशॉपातली पहिली मुलगी. मॅडम तिला इतरांपेक्षा जास्त रागवायच्या. तिला त्यांनी दवाखान्यात पाठवलं आणि काय करायचं ते सांगितलं: बाळांच्या काचेच्या पेट्या, श्वासाची यंत्रं आणि ऑपरेशन थिएटर गॅसवरच ठेव, बाकीचं ओझं उतरव, आणि जुना डिझेल गरम करून तयार ठेव. स्वतः मात्र त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, गाडी अप्पांच्या मिलकडे घ्या. मी तोंडाकडे बघायला लागलो, तेव्हा त्यांनी सांगितलं, की नळी एकच आहे. मिल जेवढा गॅस ओढतील, तेवढा दवाखान्याला कमी पडेल.

मिलमध्ये गिरण्या फिरत होत्या आणि वाळवणीच्या खोलीतून तुरीचा गरम वास येत होता. पावसामुळे माल साठला होता, ओल्या तुरीचे ढीग छतापर्यंत. वाळवण थांबली तर तूर आंबणार, हे मलासुद्धा दिसत होतं. मॅडमना तर ते माझ्यापेक्षा जास्त दिसत असणार, कारण ते सगळं त्यांनीच उभं केलं होतं. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, तशाच त्या अप्पांच्या गादीसमोर उभ्या राहिल्या आणि काय झालंय ते सरळ सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "अप्पा, मी बसवलेलं मशीन बंद करा म्हणायला आलेय."

अप्पांनी विचारलं, किती वेळ? मॅडम म्हणाल्या, माहीत नाही. अप्पांनी ढिगांकडे बघितलं. मुनीम काहीतरी सांगायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग स्वतः उठून मशीनच्या खोलीत गेले आणि मॅडमकडे वळून विचारलं, "कोणतं बटन?"

मिल थांबली. गिरण्यांचा आवाज गेल्यावर पत्र्यावरचा पाऊस केवढ्यानं वाजतोय ते कळलं.

तेवढ्यावर अप्पा थांबले नाहीत. गादीवर बसून त्यांनी बाकीच्या मिलवाल्यांना फोन लावले. लांबण लावली नाही. माझी बंद केलीय, तुमचीही करा, दवाखान्यात लेकरं आहेत, एवढंच. बहुतेकांनी ऐकलं. एकजण ऐकेना, तेव्हा अप्पा छत्री घेऊन आमच्या गाडीत बसले आणि त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आत गेले, बाहेर आले. काय बोलले ते सांगितलं नाही. त्याचीही मिल थांबली होती.

दवाखान्यात पोचलो तर अश्विनीनं एकेका मजल्याचं ओझं उतरवलं होतं. धुलाई बंद, एसी बंद, लिफ्ट बंद. वॉर्डबॉय आणि नातेवाईक मिळून पेशंटना स्ट्रेचरवर जिन्यानं उतरवत होते, कुणी तक्रार करत नव्हतं. मॅडम मशीनजवळ गेल्या आणि त्यांनी तळवा ठेवला. दाबाचा काटा खाली गेलेला होता आणि तिथंच अडला होता. आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं तो थरथरला आणि केसभर वर सरकला. मिल बंद झाल्याचा गुण नळीत पोचला होता. अश्विनीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "जेवलीस का?"

एकदा दाब पुन्हा उतरला, तेव्हा जुना डिझेल चालू करून बाळांचा विभाग त्याच्यावर नेला आणि दाब सावरल्यावर परत आणला. संध्याकाळच्या आत पुलावरचं पाणी ओसरलं आणि टँकर पोचले. दिवसभरात एकाही पेटीचा दिवा विझला नव्हता. नर्सबाईंनी आम्हाला काचेतून ती बाळं दाखवली. मुठीएवढे जीव, गाढ झोपलेले. मॅडम काचेला नाक लावून बघत राहिल्या आणि डोळे पुसायचं विसरल्या.

अप्पांची बरीचशी तूर गेली. दुसऱ्या दिवशी मॅडम आम्हा सगळ्यांना घेऊन मिलमध्ये गेल्या आणि जी वाचवण्यासारखी होती ती पसरायला आम्ही हमालांबरोबर हात लावला. मॅडम खाली मान घालून तूर पसरत राहिल्या. अप्पाच म्हणाले, "तूर काय बाई, पुढच्या साली पुन्हा येती."

दवाखान्यानं पुढे सत्कार ठेवला. मॅडम ठेवणीतली इरकल नेसून गेल्या. शाल घ्यायच्या आधी त्यांनी अप्पांना व्यासपीठावर बोलावून घेतलं, त्या ऐकेनात म्हणून अप्पांना यावं लागलं. आमचे साहेब पहिल्या रांगेत फोटोसाठी तयार होऊन बसले होते. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी खरं ते सांगितलं: आमचं मशीन चांगलं आहे, पण त्या दिवशी एकट्या मशीनच्यानं काही झालं नसतं. नळीतला गॅस संपतो. जुना डिझेल ठेवला होता आणि या माणसांनी आपला माल आंबू दिला, म्हणून झालं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विकणाऱ्यानं असं सांगितल्यावर घेणार कोण, असं ते परतताना माझ्याजवळ म्हणाले. पण पुढच्या महिन्यांत जी गिऱ्हाइकं आली, ती "त्या बाई येतील ना?" हे आधी विचारून आली. साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मन्मथअप्पांना मिळालेली शाल त्यांच्या गादीमागे अजून टांगलेली आहे, आणि मॅडमनी आपली कपाटात सगळ्यांच्या वर ठेवली.

मॅडम निवृत्त झाल्या आणि गुरुजीही झाले. दोघांनी मुलाकडे हैदराबादला जायचं ठरवलं. त्याच सुमाराला माझ्या मुलीचं लग्न नांदेडला होतं. मॅडम दोन दिवस आधी आल्या आणि घरच्यासारख्या वावरल्या, माझ्या बायकोला जेवल्याशिवाय काम करू दिलं नाही. कार्यालय औद्योगिक वसाहतीजवळच्या रस्त्यावरचं, तिथंही आमचाच गॅसचा जनरेटर बसलेला. तो अश्विनीनं बसवला होता. मॅडमच्या जागेवर आता तीच होती.

वरपक्षाची आणि पाहुण्यांची पहिली पंगत बसली होती, दुपारची वेळ, मे महिन्यातली उकाड्याची. आणि लाइट गेली. पंखे मंदावत थांबले, ध्वनिक्षेपकावरची सनई अर्ध्यात तुटली. जनरेटर चालू झाल्याचा आवाज आला आणि लगेच बंद पडला. वरपक्षाची माणसं माना वर करून पंख्यांकडे बघायला लागली. मुलीच्या बापाचं त्या वेळी काय होतं ते मुलीचा बापच जाणे. मी धावत मॅडमकडे गेलो. त्या गुरुजींच्या शेजारी पंगतीत बसल्या होत्या, पानावर नुकतं वरण-भात वाढलेलं. मी म्हणालो, मॅडम, मशीन बंद पडलं, जरा बघता का.

मला वाटलं, त्या हात धुवायलाही थांबणार नाहीत. त्यांनी मान वर केली, दाराकडे पाहिलं. पाहुणी म्हणून आलेली अश्विनी पैठणीचा पदर कमरेला खोचत, मंडपवाल्याला काहीतरी दरडावत मशीनच्या खोलीकडे चालली होती. मंडपवाल्यानं न विचारता त्याचे मोठे कूलर मेन वायरीवर जोडले होते, हे मागाहून कळलं.

"बसा पांचाळ," मॅडम म्हणाल्या. "ती गेलीय."

त्या पुन्हा पानाकडे वळल्या. भातात आळं करून त्यांनी वाढप्याला वरण मागितलं, वर तूपही मागितलं, आणि अगदी सावकाश जेवायला लागल्या. मी तिथंच उभा होतो. आधी दिवे आले. मग सनई सुरू झाली. मग एका कोपऱ्यातले पंखे फिरले, थोड्या वेळानं दुसऱ्या कोपऱ्यातले. सगळी पंगत मान वळवून मशीनच्या खोलीकडे बघत होती. मॅडमनी वळून पाहिलं नाही. त्या गुरुजींना म्हणाल्या की जिलेबी चांगली झालीय, आणखी एक घ्या.